बागेतल्या तळ्यासाठी अझोला : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अझोला घेताना बहुतेक ग्राहक विचारतात, "हे आमच्याकडे वाढेल ना?" वाढेल, ती काळजी नको. पाणी संथ आणि हवा उबदार असली की आठवड्याभरात ते दुप्पट होतं. तुम्हाला लक्ष द्यायचं आहे ते वेळच्या वेळी काढण्याकडे, म्हणून हे पत्रक.

अझोला म्हणजे शेवाळ नव्हे. ते पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं आहे. एक रोप जेमतेम एक-दोन सेंटीमीटरचं. भिंगातून पाहिलं तर खवल्यांसारखी एकावर एक बसलेली पानं दिसतात. बोटाने पाण्यात दाबून सोडा, पुन्हा वर येईल आणि पानं वरून कोरडीच असतील. या पानांच्या पोकळीत एक नीलहरित शैवाल राहतं आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतं. त्यामुळे नत्रखताची गरज नाही. भातशेतीत अझोला खत म्हणून वापरतात ते याच गुणामुळे.

पाकीट त्याच दिवशी उघडा. वास आला, थोडे तुकडे तपकिरी दिसले तरी घाबरू नका. प्रवासात तेवढं होतंच. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापरा. कारंज्याखाली अझोला टिकत नाही, रोपांचे तुकडे होतात. कडक उन्हात, थंडीत किंवा स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्यावर ते लालसर होतं. दुपारी सावली मिळाली तर रंग बहुधा परत हिरवा होतो. वेगळ्या टबात वाढवत असाल तर चिमूटभर सुपर फॉस्फेट चालेल. माशांच्या तळ्यात मात्र खत किंवा शेण अजिबात टाकू नका.

आता काढण्याबद्दल. निम्म्याहून जास्त पाणी झाकलं जाऊ देऊ नका. जाड थर बसला की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. सोपा उपाय असा : बागेच्या पाइपचा एक तुकडा घ्या, दोन्ही टोकं घट्ट जोडून कडं करा, ते पाण्यावर सोडा आणि अझोला त्याच्या आतच ठेवा. बाहेर आलेलं चहाच्या गाळणीनेसुद्धा निघतं. घरात लहान मुलं असतील तर ही शिस्त पाळाच. पूर्ण झाकलेलं तळं त्यांना हिरवळ वाटतं आणि ती थेट त्यावर पाय टाकतात.

काढलेलं अझोला वाया जात नाही. कुंड्यांत मातीवर पसरा, कंपोस्टमध्ये घाला, लवकर कुजतं. कोंबड्या आणि बदकं आवडीने खातात, पण आधी स्वच्छ धुवून घ्या आणि नेहमीच्या खाद्यात थोडंच मिसळा. तळ्यातच मरू दिलं तर साठवलेलं सगळं नत्र पाण्यात उतरतं आणि पाणी हिरवं होतं. "अझोला टाकलं की डास संपतात" असंही ऐकायला मिळतं. आम्ही ती हमी देत नाही. थराला फटी राहतात, डासाला तेवढी जागा पुरते. त्यासाठी गप्पी मासे सोडा.

ओढ्या-नाल्यात अझोला जाऊ देऊ नका. इंग्लंडमध्ये २०१४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, ती अशाच बेसुमार पसरण्यामुळे. तळं उपसताना पाणी जाड कापडातून गाळून झाडांना घाला, आणि जाळी, बादली दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी उन्हात खडखडीत वाळवा.