ब्रशची रेघ एक्स्पांड करायच्या आधी हे वाचा

आमच्याकडून ब्रश सेट घेतलेले किंवा लोगो, चित्रं करून घेतलेले बरेच जण एकच गोष्ट विचारतात, की रेघ जरा जाड करायची होती पण होतच नाही, जाडी वाढवली की नुसती कडेने बॉर्डर येते. फाइल मागवून उघडली की जवळपास दरवेळी तेच, रेघ एक्स्पांड केलेली, म्हणजे रेघेचा नुसता भरीव आकार करून टाकलेला.

इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशची रेघ म्हणजे मधून जाणारा एक बारीक पाथ आणि त्याच्यावर चढवलेला ब्रश. पाथवर चार-पाचच पॉइंट असतात, त्यातला एक ओढला की सगळी रेघ वळते, शाईचे खरखरीत काठ, निमुळतं टोक, सगळं त्याच्यामागून येतं. आर्ट ब्रशला, म्हणजे एकच काढलेला फटकारा पाथभर ताणणाऱ्या ब्रशला, स्ट्रोक (रेघेची जाडी, इथे पॉइंट हे माप) १ पॉइंट म्हणजे ब्रश मुळात जेवढा काढलाय तेवढा, ०.५ केलं की निम्मा. ऑब्जेक्ट मेनूतून एक्स्पांड अपिअरन्स दिलं की हे सगळं जातं, रेघेचा नुसता आकार उरतो आणि काठ खरखरीत असेल तर त्या एकाच रेघेला ढीगभर पॉइंट येतात. मग पक्ष्याची शेपटी जराशी वर उचलायची तरी एकेक पॉइंट हलवत बसायचं, त्यापेक्षा रेघ नव्याने काढलेली बरी.

चुकून झालंच असेल आणि अंडू करून मागे जाता येत नसेल तरी घाबरू नका. एक्स्पांड केल्यावर जो ग्रुप तयार होतो त्यात मूळ पाथ बहुतेक तसाच पडलेला असतो, फक्त त्याला रंग नसतो म्हणून दिसत नाही. कंट्रोल वाय दाबून आउटलाइन व्ह्यू लावा, आकाराच्या मधोमध एक साधी रेष दिसेल, ती डायरेक्ट सिलेक्शनने निवडा, ब्रशेस पॅनलमधून ब्रश पुन्हा लावा, जाडी आणि रंग द्या, जुना आकार डिलीट करा. पण पाथफाइंडरने सगळं युनाइट करून, म्हणजे सगळे आकार जोडून एक करून टाकलं असेल तर बहुतेक तो पाथही गेलेला असतो, मग आम्हालाही ती रेघ पुन्हाच काढावी लागते आणि त्या कामाचे वेगळे पैसे घ्यावे लागतात.

एकाच चित्राच्या दोन फाइली कशाला देता असं काही जण म्हणतात, तर त्या याच्यासाठीच. एकात रेघा जिवंत आहेत, ती तुमची कायमची. दुसरी एक्स्पांड केलेली, ती छपाईला किंवा कटिंग मशीनवर पाठवायची, तिथे आकारच लागतात. पहिलीत बदल केलात की सेव्ह ॲज करून कॉपी काढा आणि ती कॉपी एक्स्पांड करा. एवढं एक सांभाळलंत तरी आमच्याकडे परत यायची वेळ क्वचितच येईल.

बाकीचे प्रश्न पटकन. रंग बदलत नाही? ब्रशवर डबल क्लिक करा, कलरायझेशनमध्ये नन असेल तिथे टिंट्स करा. आमचे ब्रश मुद्दाम काळ्यात काढलेत, म्हणजे टिंट्समध्ये स्ट्रोकचा रंग जसाच्या तसा उतरतो. मात्र तिथे केलेला बदल त्या ब्रशच्या सगळ्या रेघांना लागू शकतो, अप्लाय टू स्ट्रोक्स का लीव्ह स्ट्रोक्स असं ते विचारतं ते वाचून दाबा. एकाच रेघेचं बदलायचं असेल तर ती रेघ निवडून पॅनलमधलं ऑप्शन्स ऑफ सिलेक्टेड ऑब्जेक्ट वापरा. चित्र मोठं केलं की रेघा बारीक वाटतात? प्रेफरन्सेसच्या जनरलमध्ये स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स बंद असेल, चालू करा. नवीन फाइलमध्ये ब्रश दिसत नाहीत? ते ज्या फाइलमध्ये लोड केले तिच्यातच राहतात, ओपन ब्रश लायब्ररीत अदर लायब्ररी करून आमची फाइल पुन्हा निवडा. आणि ब्लॉब ब्रशने काढलेल्या रेघेला यातलं काहीच चालत नाही, तो पहिल्यापासूनच भरीव आकार काढतो, बदलता येणारी रेघ हवी असेल तर साधा पेंटब्रश घ्या, कीबोर्डवर त्याचं बटण बी.

तुमच्या स्वतःच्या हाताच्या फटकाऱ्याचा ब्रशही आम्ही करून देतो. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने आठ-दहा फटकारे मारून स्कॅन पाठवा, काही कोरड्या ब्रशचे, काही भरपूर शाईचे. आम्ही त्यातला नीट लांब आलेला निवडतो, ट्रेस करतो (स्कॅनवरून आकार काढून घेतो), एक्स्पांड करतो (हो, इथे करावंच लागतं, इथे आकारच हवा असतो), नको ते ठिपके काढतो आणि टोकं ताणली जाऊ नयेत, फक्त मधला भाग ताणला जावा म्हणून गाइड्स (हद्दीच्या रेषा) लावून देतो. लांब रेघेवरसुद्धा मग सुरुवात आणि शेवट तुमच्या हाताचाच दिसतो.