आयटरचे सांधे का जुळले नाहीत?

‘कृत्रिम सूर्य’ लांबणीवर पडल्याची बातमी आली की तिचा अर्थ ठरलेला असतो: संलयन, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवणं, अवघड आहे, शास्त्रज्ञ अजून चाचपडत आहेत. फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश इथे उभ्या राहणाऱ्या आयटर या आंतरराष्ट्रीय संलयन-प्रयोगयंत्राचं वेळापत्रक २०२४ मध्ये पुन्हा बदललं. आता संशोधन २०३४ मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियम या जड हायड्रोजनच्या इंधनाचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू होणं अपेक्षित आहे. पण या उशिरातला बराचसा भाग पोलादाच्या कडांनी आणि कामाच्या वाटणीने खाल्ला आहे.

वाटणीचा करार २००६ चा. भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया, अमेरिका आणि युरोपीय संघ असे सात भागीदार. बांधकामखर्चाचा सुमारे ४५ टक्के वाटा युरोपचा, बाकीच्यांचा प्रत्येकी सुमारे ९ टक्के. मात्र हा वाटा मुख्यतः पैशांत नव्हे, तयार भागांच्या रूपात द्यायचा. कारण उघड आहे: यंत्र बनवायची विद्या प्रत्येकाला आपल्या देशात हवी होती. प्रत्येक भागाचं मूल्य करारातच ठरलं. प्रत्यक्षात खर्च वाढला तर तो बनवणाऱ्या देशाचा. मग आराखडा बदलला की प्रश्न यायचा, वाढीव खर्च कुणी सोसायचा? २०१५ मध्ये महासंचालक झालेल्या बर्नार्ड बिगो यांनी अशा बदलांसाठी राखीव निधी उभारला, तोवर बोल्टची जागा हलवणं हासुद्धा वाटाघाटीचा विषय होऊ शकत होता.

खरी गंमत निर्वात पात्रात आहे. प्लाझ्मा, म्हणजे संलयनासाठी प्रचंड तापवलेला विद्युतभारित वायू, ज्यात फिरणार ते हे दुहेरी भिंतीचं, मेदूवड्यासारख्या आकाराचं स्टेनलेस स्टीलचं पात्र. ४० अंशांचा एक, असे त्याचे नऊ भाग आहेत आणि प्रत्येकाचं वजन सुमारे ४४० टन. चार कोरियाचे, पाच युरोपचे. वेल्डिंग मात्र कादाराशला, तिसऱ्याच्या हातून.

दोन भागांमधली फट अरुंद, त्यामुळे वेल्डिंग स्वयंचलित यंत्राने करायचं. यंत्राचं डोकं ठरलेल्या वाटेने सरकतं. कडा काही मिलिमीटर आतबाहेर असली, तर एक तर डोकं फटीत शिरत नाही किंवा वितळलेला धातू तळापर्यंत पोचत नाही. माणूस हाताने वेल्डिंग करताना सावरून घेतो, यंत्र घेत नाही. कोरियातून आलेल्या पहिल्या भागांच्या कडा ठरल्या मापापासून नेमक्या अशाच सरकलेल्या निघाल्या. निष्काळजीपणा म्हणून विषय संपवू नये. इतक्या मोठ्या वस्तूत शेकडो मीटर वेल्डिंग असतं, प्रत्येक जोड थंड होताना आकसतो आणि पोलादाला ओढतो. तापमानाचाही हिशेब धरा: बारा मीटरचं स्टेनलेस स्टील दहा अंशांनी तापलं की जवळपास दोन मिलिमीटरने वाढतं. म्हणून मापं २० अंश सेल्सिअसला आणून नोंदवायची असतात, आणि मोजताना तो सगळा लोखंडी डोंगर एकाच तापमानाला आहे ना, हेही पाहावं लागतं.

दुरुस्ती म्हणजे कुठे धातू चढवायचा, कुठे तासायचा. पण चढवताना पुन्हा उष्णता, पुन्हा आकसणं. शिवाय हे पात्र किरणोत्सर्ग अडवणारा पहिला अडसर, त्यामुळे फ्रान्सची अणुसुरक्षा संस्था मध्ये येतेच. जानेवारी २०२२ मध्ये तिने पुढच्या जुळणीची परवानगी रोखून धरली, आणि आक्षेपांमध्ये या कडाही होत्या.

त्यातच औष्णिक कवचाच्या, म्हणजे पात्राची उष्णता अतिथंड चुंबकांपर्यंत पोचू न देणाऱ्या आवरणाच्या, थंड हेलियम वाहणाऱ्या नळ्यांना तडे सापडले. चांदीचा मुलामा देण्याच्या प्रक्रियेतलं क्लोरीन नळ्यांच्या वेल्डिंगजवळच्या बारीक खाचांत अडकून राहिलं होतं. ताणाखालचं स्टेनलेस स्टील आणि क्लोराइड एकत्र आले की तडा जातो, हे कुठल्याही रासायनिक कारखान्यात माहीत असतं! यंत्र जिथे जुळवलं जातं त्या खड्ड्यात बसवलेला पात्राचा पहिला भाग २०२३ मध्ये पुन्हा वर काढावा लागला.

भारताच्या वाट्याचा क्रायोस्टॅट, म्हणजे पात्र आणि चुंबकं ज्याच्या पोटात बसतात ती पोलादी निर्वात टाकी, या पात्राशी ताडून पाहण्यासारखा आहे. उंची-रुंदी सुमारे तीस-तीस मीटर, वजन ३,८०० टनांच्या आसपास. गुजरातेत हजीरा इथे त्याचे ५४ तुकडे बनले, जहाजाने गेले आणि भारतानेच कादाराशला उभारलेल्या कार्यशाळेत ते जोडले गेले. तुकडे ज्याचे, त्याच्याकडेच सांध्याची जबाबदारी. क्रायोस्टॅटला निर्वात पात्राइतक्या कडक अटी नाहीत, त्यामुळे तुलना पूर्ण न्याय्य नाही. तरी सांध्याचा मालक एकच असावा, हा नियम पात्राच्या वाटणीत पाळला असता तर काही वर्षं वाचली असती असं माझं मत आहे.

आणखी एक भ्रम इथेच काढून टाकू. ‘आयटर दहापट वीज देणार’ असे संदेश फिरतात. दहापट म्हणजे प्लाझ्मात ५० मेगावॉट उष्णता घालून ५०० मेगावॉट उष्णता मिळवणं. आयटरमध्ये वीज बनणारच नाही, आणि चुंबकं, पंप, शीतयंत्रणा यांना लागणारी वीज त्या गुणोत्तरात धरलेली नाही.

दुरुस्त केलेल्या भागांपैकी पहिला एप्रिल २०२५ मध्ये खड्ड्यात उतरला. नवे भाग आल्यावर कडांची प्रत्यक्ष मापं आधी लेझरने घ्यायची, आणि वेल्डिंगचा आराखडा कागदावरच्या नव्हे तर या मोजलेल्या आकारावरून करायचा.