बर्फात टिकणारी कावीळ

2022 च्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये हिपॅटायटिस ‘ए’चे, म्हणजे आपल्या ओळखीच्या काविळीचे, काही रुग्ण सापडले. तिथे या आजाराचं निदान झालं की आरोग्य यंत्रणेला कळवावंच लागतं, आणि चौकशीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: अलीकडे परदेशी जाऊन आलात का? ही कावीळ तिथे एरवी प्रवाशांबरोबर येते. भारतात नातेवाइकांकडे सुट्टी घालवून परतलेली मुलं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. हे रुग्ण मात्र कुठेच गेले नव्हते, एकमेकांना ओळखतही नव्हते. तरी त्यांच्या शरीरातल्या विषाणूचा जनुकीय क्रम जुळला. मग काय काय खाल्लं याची उजळणी झाली आणि बोट फ्रोझन बेरींच्या पाकिटांकडे गेलं. बेरी सर्बियाच्या होत्या. ऑक्टोबरमध्ये पाकिटं परत मागवली गेली. रुग्णांचा आकडा चाळिशीच्या आसपास पोहोचला.

आकडा लहान वाटेल. पण जेमतेम पन्नास लाख वस्तीच्या देशात, जिथे बहुतेकांना या विषाणूची कधी बाधाच झालेली नसते, तो लहान नाही. आपल्याकडच्या मागच्या पिढ्यांना ही कावीळ लहानपणीच, बऱ्याचदा नकळत, होऊन गेलेली असायची आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळायची. तेच दुखणं मोठ्या वयात पहिल्यांदा आलं तर जास्त पिडतं. (काविळीचं पाणी उतरवणारे आपल्याकडे नावाजले जातात, त्याचं निम्मं श्रेय या विषाणूला द्यायला हवं. हा आजार बहुधा आपणहून बरा होतो.)

पण फ्रीझरच्या उणे 18 अंशांत विषाणू टिकतो कसा? थंडीत बॅक्टेरियांची वाढ थांबते, त्यातले काही मरतातही. या विषाणूला मात्र फळावर वाढायचंच नसतं. तो वाढतो माणसाच्या यकृतात. बाहेर त्याचं काम फक्त तग धरण्याचं. आकार सुमारे 30 नॅनोमीटर, आत आरएनए म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, भोवती प्रथिनांचं घट्ट कवच. फळावर असलेल्या विषाणूला करोनासारखं बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे तो सुकला तरी टिकतो, आंबट रसातही टिकतो. प्रयोगशाळा विषाणूंचे नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवतात ते डीप फ्रीझरमध्येच. बेरी घेऊन जाणारा रीफर, म्हणजे शीतकरणाची सोय असलेला, कंटेनर नकळत तेच करत असतो.

आता रासबेरी जवळून बघा. ती एक सलग फळ नसते. इवल्याशा रसाळ दाण्यांचा तो पुंजका असतो. दाण्यांमध्ये खाचा, अंगावर बारीक लव, आणि देठावरून ओढून काढल्यामुळे आतून पोकळ. सफरचंदासारखी चोळून धुवायला गेलं तर लगदा होतो. पश्चिम सर्बियात अरिल्येच्या परिसरात, जिथे विलामेट ही जात पिढ्यान्‌पिढ्या लावली जाते, ऐन हंगामात ती हाताने तोडतात. शेतं छोटी, घरोघरची. माल खरेदी केंद्रावर, तिथून कोल्ड स्टोरेजमध्ये. तोडणाऱ्याला शेताजवळ संडास आणि हात धुवायला पाणी व साबण मिळतो का, सिंचनाचं पाणी कुठलं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. कारण हा विषाणू पसरतो तो विष्ठेतून, आणि अगदी थोडे कण पोटात गेले तरी पुरतात.

पुढे आयक्यूएफ, म्हणजे प्रत्येक फळ सुटं सुटं झटपट गोठवणं. बोगद्यासारख्या यंत्रात अतिथंड हवेचा झोत बसतो आणि प्रत्येक बेरी काही मिनिटांत सुटी गोठते. हळू गोठवलं तर पाण्याचे मोठे स्फटिक पेशी फाडतात. झटपट गोठवलं की स्फटिक बारीक राहतात आणि फळाचा आकार टिकतो. या सगळ्यात विषाणू मारणारी पायरी कुठेच नाही. शिवाय गोठलेल्या बेरी सुट्या असल्यामुळे धान्यासारख्या ओतता येतात, वेगवेगळ्या देशांचा माल मिसळता येतो. 2013-14 मध्ये युरोपात अशाच बेरींमुळे बारा देशांत चौदाशेहून अधिक लोकांना हिपॅटायटिस ‘ए’ झाला. बल्गेरियाच्या ब्लॅकबेरी आणि पोलंडचे लाल करंट हे घटक चौकशीत सर्वांत जास्त वेळा पुढे आले, पण फळांना बाधा नेमकी कुठे झाली ते ठिकाण शेवटपर्यंत एका जागी बोट ठेवून दाखवता आलं नाही.

न्यूझीलंड बॉयझनबेरीच्या उत्पादनात जगात आघाडीवर आहे. तरी तिथल्या स्वस्त मिश्र पाकिटांतला बराचसा माल बाहेरून येतो. आता बंदरावरच तपासून घ्यावा म्हटलं, तर हिशेब बघा. प्रमाणित चाचणीत एका नमुन्यासाठी 25 ग्रॅम फळ घेतात. कंटेनरमध्ये 20 टन माल धरला आणि पाच नमुने काढले, तरी तपासला जातो एक लाख साठ हजारावा भाग. बाधा सगळीकडे सारखी पसरलेलीही नसते. एका मजुराच्या हातची काही किलो फळं, बस्स. त्यात बेरीतलं पेक्टिन आणि रंगद्रव्यं पीसीआर चाचणीत अडथळा आणतात. चाचणी होकारार्थी आली तरी सापडलेला आरएनए बाधा करू शकणाऱ्या विषाणूचा की निकामी झालेल्याचा, हे ती सांगत नाही. विष्ठेची खूण म्हणून शोधला जाणारा ई. कोलाय बॅक्टेरिया सापडला नाही म्हणून निर्धास्त व्हावं, तर तो विषाणूइतका चिवट नाही. माझ्या मते छोट्या देशाने बंदरावर प्रयोगशाळा वाढवण्यापेक्षा सतरा-अठरा हजार किलोमीटरवरच्या शेतातले हात कोण धुतं हे विचारणं जास्त उपयोगाचं. अर्थात मोजक्या कंटेनरच्या गिऱ्हाइकाचं तिथे कोण किती ऐकेल, हाही प्रश्नच.

लहान असण्याचा एक फायदा मात्र झाला. एरवी रुग्णच कमी असल्याने प्रत्येकाची विचारपूस करता येते, विषाणूचा क्रम लावता येतो. तरी उशीर होतोच, कारण बाधा झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 15 ते 50 दिवस जातात. तोवर पाकीट कचऱ्यात गेलेलं असतं.

म्हणून तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेचा सल्ला आहे, की फ्रोझन बेरी 85 अंशांच्या वर एक मिनिट तापवा किंवा उकळा. केक किंवा पायमध्ये त्या शिजतातच. अडचण असते स्मूदीची आणि दह्यावर पेरलेल्या बेरींची. साखर घालून आटवणार असाल तर उष्णता जास्त वेळ द्यावी लागते, कारण दाट साखरेत विषाणू उष्णतेपुढे अधिक तग धरतो. तेव्हा आधी नुसत्या बेरी उकळायच्या आणि साखर नंतर घालायची. स्मूदीसाठी उकळलेल्या बेरी गार करून, स्वच्छ डब्यात भरून पुन्हा फ्रीझरमध्ये टाकल्या तरी चालतं. आकार जातो, पण मिक्सरमध्ये तो नाहीतरी जाणारच असतो.