सर्दीची गोळी मागताय? आधी बीपीचं सांगा
साठी ओलांडलेल्या ग्राहकांसाठी, आणि त्यांची औषधं न्यायला येणाऱ्या मुला-सुनांसाठी

“नाक चोंदलंय, एक सर्दीची गोळी द्या.” पावसाळा लागला की आमच्या काउंटरवर हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. मागणाऱ्याच्या पिशवीत बहुतेक वेळा बीपीच्या गोळ्यांची पट्टीही असते, पण ती दाखवावी असं कुणाच्या मनात येत नाही. सर्दीचा आणि बीपीचा काय संबंध? संबंध आहे, म्हणून हा कागद.

नाक चोंदतं ते शेंबडापेक्षा आतल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे. त्या आवळण्यासाठी सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असं उत्तेजक औषध घातलेलं असतं. पण पोटात गेलेली गोळी फक्त नाकाचा पत्ता शोधत जात नाही. अंगातल्या इतर वाहिन्याही आवळल्या जातात, बीपी चढू शकतं, धडधड होते. तरुणाच्या लवचीक वाहिन्या हे सहसा सोसून नेतात. वर्षानुवर्षं बीपी असलेल्या सत्तरीच्या माणसाच्या मेंदूतल्या बारीक वाहिन्या मात्र ताठर, कमकुवत झालेल्या असतात. दाब एकदम वाढून एखादी फुटली की मेंदूत रक्तस्राव. त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तो लवकर थांबतही नाही.

हे आमच्या मनचं नाही. फेनिलप्रोपॅनोलामाइन हे याच जातीचं औषध एकेकाळी सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असायचं आणि अमेरिकेत भूक मारायच्या गोळ्यांतही. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी मेंदूत रक्तस्राव झालेल्या ७०२ रुग्णांची इतर लोकांशी तुलना केली. भूक मारायला ते घेणाऱ्या बायकांत धोका कितीतरी पटींनी जास्त निघाला. हे सगळे रुग्ण १८ ते ४९ वयाचे होते, साठीपुढचे नव्हेत! नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कंपन्यांना ते बाजारातून काढायला सांगितलं. आपल्याकडे बंदीची अधिसूचना निघायला २०११ उजाडलं.

एका गोळीनं लगेच काही होतं असं नाही. असा रक्तस्राव क्वचितच होतो. पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्याच तज्ज्ञ समितीनं सांगितलं की पोटातून घेतलेल्या फेनिलेफ्रिननं नाक मोकळं होतच नाही. मग बीपीच्या माणसानं ती जोखीम घ्यावी कशाला? आमच्या विक्रीच्या विरुद्ध बोलतोय, पण मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब घ्या. नाक लगेच उघडणारे औषधी थेंब वेगळे. तेही वाहिन्याच आवळतात आणि जास्त दिवस घातले तर नाक आणखी चोंदतं.

आता आमचीच एक चूक. “दोनच गोळ्या द्या” म्हटलं की आम्ही पट्टी कापतो. नाव आणि घटक उरलेल्या तुकड्यावर राहतात नि तुमच्या हाती येते कोरी चंदेरी पट्टी. म्हणून आता आम्ही पाकिटावर पेननं नाव लिहून देतो. गर्दीत विसरलो तर हक्कानं मागून घ्या. मुलानं अमेरिकेहून आणलेल्या गोळ्यांच्या नावाशेवटी ‘डी’ असेल तर त्यात बहुधा नाक मोकळं करणारं उत्तेजक औषध असतं. घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

मशेरी आणि तंबाखूतलं निकोटिनही उत्तेजकच. सकाळी मशेरी लावून वर सर्दीची गोळी घेणाऱ्या आजी आम्हाला माहीत आहेत. रागावू नका, पण दाब दोन्हीकडून वाढतो.

अचानक तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा कधी नव्हे इतकं डोकं ठणकून उलटी झाली, तर झोप काढून बघू म्हणू नका. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्राव असेल तर त्या गोळीनं तो वाढू शकतो. बीपीची जादा गोळी किंवा पाणीही तोंडात घालू नका, ठसका लागेल. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा आणि निघताना औषधांची सगळी पिशवी उचला, सर्दीच्या गोळीचा तो कापलेला तुकडासुद्धा.