विद्यार्थी रंगभूमीतून चित्रपटाकडे : ऑक्सफर्ड-केंब्रिजची वाट

विद्यापीठात शिकता शिकता हौशी नाटकांत कामे करायची, तिथे कुणा जाणत्याच्या नजरेत भरायचे आणि मग व्यावसायिक रंगभूमी व दूरचित्रवाणीवरून चित्रपटापर्यंत पोचायचे, ही इंग्लंडमधील नटांची जुनी वाट आहे. ती प्रामुख्याने ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांतून जाते. या दोन्ही ठिकाणी अभिनयाची पदवी मिळत नाही. इयन मकेलन इंग्रजी साहित्य शिकले, डेरेक जेकोबी इतिहास. टॉम हिडलस्टनने ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्याचा अभ्यास केला, तर एडी रेडमेनने कलेच्या इतिहासाचा. नाटक हा व्याख्याने संपल्यानंतरचा उद्योग. तरीही तिथल्या तीन वर्षांत एखाद्या विद्यार्थ्याच्या वाट्याला जितक्या भूमिका येतात, तितक्या नाट्यशाळेतल्या विद्यार्थ्यालाही क्वचितच मिळतात.

संस्था

केंब्रिजमधील ‘अमॅच्युअर ड्रॅमॅटिक क्लब’ म्हणजे एडीसी. ट्रिनिटी कॉलेजचा विद्यार्थी फ्रान्सिस बर्नंड याने 1855 मध्ये तो सुरू केला. हाच बर्नंड पुढे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा संपादक झाला. क्लबचे पार्क स्ट्रीटवरचे नाट्यगृह 1933 मध्ये आगीत जळाले आणि 1935 मध्ये नव्याने उभे राहिले. साधारण सव्वादोनशे खुर्च्यांचे हे थिएटर सत्रात जवळजवळ रोज चालू असते. संध्याकाळी पावणेआठला मुख्य नाटक, रात्री अकराला दुसरे, आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही नवीन. सत्र आठ आठवड्यांचे. नट, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, तिकीटविक्रीची जाहिरात हे सगळे विद्यार्थीच पाहतात. काम पडले तर ते पाच दिवसांत विस्मरणात जाते आणि पुढच्या सोमवारी दुसऱ्या संहितेची तालीम सुरू होते. पडण्याची ही मोकळीक मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण व्यावसायिक जगात ती विशीतल्या नटाला कुणी देत नाही.

शेक्सपिअर आणि त्याच्या समकालीनांची नाटके करण्यासाठी केंब्रिजमध्ये 1907 मध्ये मार्लो सोसायटी निघाली. पहिल्या प्रयोगात कवी रूपर्ट ब्रूक होता. पुढे किंग्ज कॉलेजचे अध्यापक जॉर्ज रायलँड्स यांनी तिला शिस्त लावली. त्यांचा सगळा भर पद्य उच्चारण्यावर असे. ओळीचा अर्थ ओळीच्या लयीतूनच पोचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह पीटर हॉल, जॉन बार्टन आणि ट्रेव्हर नन या भावी दिग्दर्शकांनी उचलला. हॉल यांनी 1960 च्या सुमारास रॉयल शेक्सपिअर कंपनी उभी केली, तेव्हा हौशी विद्यार्थ्यांची ही शिकवण देशातल्या सर्वांत मोठ्या नाटक कंपनीची रीत बनली. मकेलन आणि जेकोबी याच तालमीतले.

1883 मध्ये स्थापन झालेल्या ‘फुटलाइट्स’ या केंब्रिजच्याच विनोदी नाट्यसंस्थेचा बाज वेगळा. इथे संहिता आपणच लिहायची, आपणच सादर करायची आणि हशा आला नाही तर कापून टाकायची. स्त्रियांना सभासदत्व मिळायला मात्र 1964 पर्यंत थांबावे लागले. 1981 मध्ये ह्यू लॉरी, स्टीफन फ्राय आणि एमा थॉम्पसन यांच्या संचाने एडिंबरा महोत्सवात त्या वर्षीच सुरू झालेले, विनोदी प्रयोगांसाठीचे पेरिए पारितोषिक जिंकले. थॉम्पसन यांना तर शिकत असतानाच एजंट मिळाला होता. अभिनय आणि पटकथालेखन या दोन्हींसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या एकमेव कलावंत ठरल्या. लिहिता नट घडवणे ही फुटलाइट्सची खूण त्यांच्यात ठळक दिसते.

ऑक्सफर्डची नाट्यसंस्था ‘ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी ड्रॅमॅटिक सोसायटी’ म्हणजे ओयूडीएस 1885 ची. तिला परवानगी देताना कुलगुरू बेंजामिन जोवेट यांनी घातलेल्या अटींपैकी एक अशी, की स्त्रीभूमिका विद्यार्थ्यांनी करायच्या नाहीत, त्या स्त्रियांनीच करायच्या. त्यामुळे बाहेरच्या अभिनेत्री येऊ लागल्या आणि विद्यार्थ्यांना व्यावसायिकांशेजारी उभे राहण्याची संधी मिळू लागली. 1932 चा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ हे त्याचे ठळक उदाहरण. दिग्दर्शक जॉन गिलगुड. त्यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. ज्युलिएट पेगी अॅशक्रॉफ्ट, दाई ईडिथ एव्हन्स. विद्यार्थ्यांमध्ये मर्क्युशिओच्या भूमिकेत जॉर्ज डिव्हाइन, ज्यांनी 1956 मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये नव्या ब्रिटिश नाटकाला घर दिले. आणि एकाच वाक्याच्या भूमिकेत टेरेन्स रॅटिगन, जे पुढे नामांकित नाटककार झाले. 1944 मध्ये हवाई दलाच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी आलेल्या वेल्सच्या रिचर्ड बर्टन यांनी नेव्हिल कॉगहिल या प्राध्यापकांच्या दिग्दर्शनाखाली ‘मेझर फॉर मेझर’मध्ये अँजेलो साकारला. बर्टन हे विसरले नाहीत. हॉलीवूडचे तारे झाल्यावर 1966 मध्ये ते एलिझाबेथ टेलर यांच्यासह ऑक्सफर्डला परतले, विद्यार्थ्यांबरोबर ‘डॉक्टर फॉस्टस’ केले आणि त्याचा चित्रपटही काढला. ऑक्सफर्डमधील विद्यार्थ्यांचे छोटे नाट्यगृह आज या दोघांच्या नावाने ओळखले जाते.

विद्यापीठाबाहेरची दारे

शहराच्या बाहेर कुणी पाहिलेच नाही, तर या प्रयोगांचा नटाच्या पुढच्या आयुष्याला फारसा उपयोग होत नाही. म्हणून एडिंबराचा फ्रिंज महोत्सव महत्त्वाचा. 1947 मध्ये मुख्य महोत्सवाचे आमंत्रण नसताना आठ नाटक मंडळ्या तिथे गेल्या, तिथपासून त्याची सुरुवात. ऑगस्ट 1966 मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या एका लहान सभागृहात टॉम स्टॉपर्ड या तेव्हा अनोळखी लेखकाचे ‘रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ केले. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये रोनाल्ड ब्रायडन यांचे परीक्षण आले, ते वाचून नॅशनल थिएटरचे साहित्य-सल्लागार केनेथ टायनन यांनी संहिता मागवली आणि एप्रिल 1967 मध्ये तेच नाटक लंडनला नॅशनलने उभे केले. एका परीक्षणाने आठ महिन्यांत हे घडले. मात्र लेखकासाठी उघडलेले दार त्या विद्यार्थी नटांसाठी उघडले नाही. नॅशनलने आपले नट घेतले.

मायकेल क्रॉफ्ट यांनी 1956 मध्ये काढलेले नॅशनल यूथ थिएटर हे दुसरे दार. तिथे विद्यापीठाची अट नाही. हेलन मिरेन 1965 मध्ये तिथल्या क्लिओपात्राच्या भूमिकेमुळेच लोकांसमोर आल्या.

ह्यू ग्रँट : एक सविस्तर उदाहरण

ही वाट प्रत्यक्षात किती वळणांची असते, हे ह्यू ग्रँटच्या सुरुवातीच्या वर्षांतून नीट कळते. लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये 1960 साली जन्मलेला ग्रँट शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायला गेला. त्याच काळात आयडाहोहून आलेला ऱ्होड्स शिष्यवृत्तीधारक मायकेल हॉफमन चित्रपट काढायच्या खटपटीत होता. ‘प्रिव्हिलेज्ड’ हा 1982 चा चित्रपट त्यातून झाला. विद्यार्थ्यांनी केलेला, विद्यार्थ्यांवरचा, आणि नाटकाच्या तालमींभोवती फिरणारा. सल्लागार होते ऑक्सफर्डचेच जुने विद्यार्थी, दिग्दर्शक जॉन श्लेसिंजर. श्रेयनामावलीत ग्रँटचे नाव ‘ह्यूई ग्रँट’ असे आहे. त्याच्याबरोबर जेम्स विल्बी, इमोजन स्टब्स आणि मार्क विल्यम्स होते. संगीत रेचल पोर्टमन यांचे, ज्यांना पुढे चित्रपटसंगीतासाठीच ऑस्कर मिळाले. एका विद्यार्थी चित्रपटातून इतकी माणसे व्यवसायात आली, यामागे नुसता योगायोग नसावा. नाटकांमुळे त्यांतली बरीच जण एकमेकांना आधीच पारखून होती.

चित्रपटाच्या लंडनमधील खेळानंतर एका एजंटने ग्रँटला विचारले. ग्रँटला कलेच्या इतिहासात संशोधन करायचे होते, पण त्यासाठी पैसे नव्हते. वर्षभर अभिनय करून ते जमवावेत, या हिशेबाने तो तयार झाला. ‘द बाउंटी’ या मोठ्या चित्रपटात छोटी भूमिका चालूनही आली, पण ती हातून गेली, कारण त्याच्याकडे इक्विटीचे कार्ड नव्हते.

हे कार्ड म्हणजे नटांच्या संघटनेचे सभासदत्व. त्या काळी कार्डाशिवाय व्यावसायिक काम मिळत नसे आणि व्यावसायिक कामाशिवाय कार्ड मिळत नसे. या कोंडीतून सुटायचा नेहमीचा मार्ग प्रांतोप्रांतीच्या रेपर्टरी नाट्यगृहांतून, म्हणजे स्वतःचा नटसंच ठेवून एकामागून एक नाटके करणाऱ्या नाट्यगृहांतून जाई, जिथे ठराविक नवख्यांना कार्ड देण्याची मुभा होती. ग्रँट नॉटिंगहॅम प्लेहाउसमध्ये दाखल झाला. मिळतील त्या किरकोळ भूमिका केल्या. मग दोन मित्रांसह ‘जॉकीज ऑफ नॉरफोक’ हा विनोदी संच काढून एडिंबराला प्रयोग केले. विद्यापीठातून निघून तीन-चार वर्षे झाली, तरी चित्रपट दूरच होता. या मधल्या वर्षांचा उल्लेख चरित्रलेखांत एका ओळीत उरकला जातो, पण संवादातली अचूक वेळ आणि अडखळण्यातून हशा काढण्याची जी हातोटी पुढे त्याची ओळख झाली, ती नक्कल-नाट्यांच्या याच रात्रींत घासली गेली असणार.

दार उघडले ते मुंबईकर निर्मात्यामुळे. इस्माइल मर्चंट यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांच्याबरोबर त्यांनी काढलेल्या कंपनीत खर्च बेताचा असे आणि अनोळखी तरुण नटांवर भार टाकायची तयारी असे. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘मॉरिस’ या कादंबरीवर चित्रपट करताना मुख्य भूमिकेचा ठरलेला नट बाहेर पडला आणि ती जेम्स विल्बीकडे आली. त्याचा मित्र क्लाइव्ह म्हणून ग्रँट. ‘प्रिव्हिलेज्ड’मधली जोडी पुन्हा एकत्र आली. आयव्हरी यांच्यासह पटकथा लिहिणारे किट हेस्केथ-हार्वी फुटलाइट्सचे, चित्रीकरण केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात, आणि कथानकही तिथल्याच दोन विद्यार्थ्यांचे. 1987 मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. जगभर नाव व्हायला मात्र 1994 चा ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ यावा लागला, म्हणजे पहिल्या चित्रपटानंतर बारा वर्षे.

पुढची पिढी

एजंटची नजर आता विद्यार्थी असतानाच पडते. केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात शिकणारा टॉम हिडलस्टन ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’च्या विद्यार्थी प्रयोगात दिसला आणि पदवीपूर्वीच त्याला दूरचित्रवाणीवर काम मिळाले. तरीही तो पदवीनंतर राडा या नाट्यशाळेत गेला आणि 2005 मध्ये तिथून बाहेर पडला. हा निर्णय फार शहाणपणाचा होता. विद्यार्थी रंगभूमी धीटपणा देते, भाषेची जाण देते. आवाज आणि शरीराची रोजची घडण तिथे होत नाही. 2007 मध्ये जोआना हॉग यांच्या ‘अनरिलेटेड’ या छोट्या चित्रपटात त्याचे पदार्पण झाले. त्याच वर्षअखेरीस लंडनच्या डॉनमार वेअरहाउस या नाट्यगृहाच्या ‘ऑथेल्लो’त तो कॅसिओ होता. मग नट-दिग्दर्शक केनेथ ब्रॅना यांच्याबरोबर रंगभूमी आणि दूरचित्रवाणीवर काम केले, आणि 2011 मध्ये ब्रॅना यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘थॉर’मध्ये लोकी.

एडी रेडमेन नाट्यशाळेत गेलाच नाही. ट्रिनिटी कॉलेजात शिकत असतानाच 2002 मध्ये ग्लोब थिएटरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये त्याने व्हायोला केली. सर्व भूमिका पुरुषांच्या, ऑलिव्हिया मार्क रायलन्स, आणि प्रयोगाची जागा लंडनचे मिडल टेंपल सभागृह, जिथे 1602 मध्ये याच नाटकाचा खेळ झाल्याची नोंद एका रोजनिशीत आहे. पहिल्या व्यावसायिक भूमिकेसाठी याहून मोठी शाळा कोणती असणार? 2014 च्या ‘द थिअरी ऑफ एव्हरीथिंग’मध्ये स्टीफन हॉकिंग साकारून त्याने ऑस्कर मिळवले. केंब्रिजमध्ये घडणाऱ्या त्या चित्रपटात त्याच्यासमोर होती ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजची फेलिसिटी जोन्स.

रंगमंच आणि कॅमेरा

शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय कॅमेऱ्यासमोर आड येते. मकेलन 1961 मध्ये केंब्रिजमधून थेट कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरला गेले आणि दशकभरात शेक्सपिअरचे मोठे नट ठरले. पण चित्रपटातल्या अभिनयासाठी ऑस्करचे पहिले नामांकन त्यांना मिळाले ते ‘गॉड्स अँड मॉन्स्टर्स’ या 1998 च्या चित्रपटासाठी. त्यानंतरच्या पिढ्यांना दूरचित्रवाणीवरील मालिकांनी हे अंतर लवकर कापू दिले. चेहऱ्याच्या जवळ आलेल्या भिंगासमोर कमी करायचे कसे, हे नट बहुधा तिथेच शिकतो.

कुणाला परवडते

जेकोबी लंडनच्या लेटनस्टोन भागात वाढले. वडील छोटे दुकान चालवत, आई कापडाच्या दुकानात काम करी. सरकारी शाळेतून शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले. 1962 च्या शिक्षण कायद्याने अशा विद्यार्थ्यांना निर्वाह अनुदानाचा हक्क दिला. मग 1998 मध्ये वर्षाला 1,000 पौंड शुल्क आले, 2006 मध्ये ते 3,000 पर्यंत गेले आणि 2012 मध्ये 9,000 पर्यंत. वर रेपर्टरी नाट्यगृहांतील वर्षभराची कामे आटली. नवख्या नटाला लंडनमध्ये बिनकामाचे महिने घरच्या पैशांवर काढावे लागतात. ग्रँट, हिडलस्टन आणि रेडमेन तिघेही खासगी शाळांतले. शेवटचे दोघे तर ईटनचे. ब्रिटनमध्ये अशा शाळांत जाणारी मुले सुमारे 7 टक्के आहेत, पण शिक्षणातील विषमतेवर काम करणाऱ्या सटन ट्रस्टच्या 2016 च्या पाहणीत ऑस्करविजेत्या ब्रिटिश कलावंतांपैकी दोन-तृतीयांश त्यांतून आलेले आढळले. ज्युली वॉल्टर्स यांच्यासारख्या कामगार कुटुंबातून आलेल्या अभिनेत्रींनी याबद्दल उघड चिंता व्यक्त केली आहे आणि ती रास्त आहे. केंब्रिजच्या पार्क स्ट्रीटवरच्या थिएटरात निवडचाचणी सर्वांना खुली असते. पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे निभावणे मात्र सर्वांना जमत नाही. जेकोबींच्या घरातला मुलगा आज केंब्रिजला पोचला, तरी या वर्षांत टिकणे त्याला कठीण जाईल.