ख्रिस्ती पुरुषपण आणि बापाची जागा (बेळगाव सीमाभाग)

पुरुषाने कसं असावं आणि घरात बापाचं काम काय, यावर ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत ते कसं पाळलं जातं (किंवा जात नाही), त्याची ही नोंद. एका ओळीत सांगायचं तर घराचा जाब ज्याला द्यायचाय तो पुरुष. बायको, पोरं, म्हातारे आईबाप यांचं काय केलंस असं देव त्याला विचारणार, आणि या जबाबदारीपुरताच काय तो त्याचा अधिकार. पुस्तकात असं आहे, घरोघरी काय चालतं ते पुढे येईलच.

इथली ख्रिस्ती मंडळी एकसारखी नाहीत हे आधी सांगायला पाहिजे. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० ला सुरू झालं आणि १९०४ ला ते मेथॉडिस्टांकडे गेलं, म्हणून शहरातली जुनी मराठी-कन्नड प्रोटेस्टंट घराणी बरीचशी मेथॉडिस्ट, बेनन स्मिथ हायस्कूल त्यांचंच. कॅथलिक धर्मप्रांत १९ सप्टेंबर १९५३ ला झाला, कॅम्पातलं फातिमा कॅथेड्रल त्याचं मुख्य चर्च, आणि खानापूर बाजूची पुष्कळ कॅथलिक घरं मूळची गोव्याकडची, घरात कोंकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणारी. शिवाय अलीकडे वाढलेल्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) प्रार्थनासभा आहेतच. त्यामुळे बापाबद्दलचं उत्तर प्रत्येक चर्चमध्ये थोडं थोडं बदलतं, मुळातलं वचन मात्र एकच.

बायबलमध्ये सुरुवात बरोबरीची आहे, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात नर आणि नारी दोघंही देवाच्या प्रतिरूपाची. मग तिसऱ्या अध्यायात फळ खाऊन झाल्यावर देव हाक मारतो ती आदामाला, कुठं आहेस म्हणून, आणि गडी काय करतो तर सरळ बायकोवर ढकलतो, वर देवालाच ऐकवतो की तूच दिलेली ना ही बाई. पुरुषांच्या मीटिंगला पाळकांचा (पास्टरांचा) हा आवडता भाग, कारण फळ दोघांनी खाल्लं पण जाब टाळायला पहिला पुढे आला तो पुरुष, आणि ख्रिस्ती पुरुषपणाची सगळी चर्चा तिथनंच सुरू होते.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि तितकंच वाकवलं जाणारं वचन म्हणजे बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं हे २२ ते २४ या तीन वचनांत आहे, ते लग्नाला आलेल्या प्रत्येक काकाला तोंडपाठ. पण त्याच्या आधीचं २१ वं वचन सांगतं की एकमेकांच्या अधीन असा, आणि २५ पासून अध्याय संपेपर्यंत बहुतेक सगळं नवऱ्यांना उद्देशून आहे, ख्रिस्ताने मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी) जीव दिला तसं प्रेम करा म्हणून. बायकोने अधीन राहावं म्हणणाऱ्याला आधी विचारावं की तू कशावर पाणी सोडलंस ते सांग. सहाव्या अध्यायात चौथं वचन बापांसाठी आहे, मुलांना चिडीला आणू नका, आणि कलस्सैकरांस पत्रात त्याचं कारणही दिलंय, ती खचतील. हे आज साधं वाटतं पण पौल लिहीत होता त्या रोमन जगात बापाला पोराच्या जिवावरसुद्धा कायद्याने हक्क होता, जन्मलेलं मूल ठेवायचं की टाकायचं तो ठरवायचा. तसल्या बापाला पोराच्या मनाची काळजी घे म्हणून सांगणं हे तेव्हा धाडसच.

आणखी एक गोष्ट, बायबलमधले बाप बहुतेक नापास आहेत. एली याजकाने पोरांना आवरलं नाही, त्याच्या हाताखाली वाढलेल्या शमुवेलाची पोरं लाच खाऊ लागली, याकोबाने एकालाच लाडका केला आणि बाकीच्यांनी त्या लाडक्याला विकून टाकलं, दाविदाने तर राज्य सांभाळलं पण अबशालोम हातचा गेला आणि मग रडत बसला. मोठमोठ्या माणसांची ही घरची प्रगतीपुस्तकं लेखकांनी लपवली नाहीत हे मला स्वतःला फार आवडतं.

चांगला बाप बघायचा तर लूकच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) १५ व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात. आपल्या भागात हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. बाप जिवंत असताना धाकट्याने वाटणी मागायची, म्हणजे खानापूरकडच्या भातशेतीवाल्या घरात उताऱ्यावर नाव चढवून द्या म्हणायचं, याचा अर्थ काय होतो ते कुणालाही विचारा. तो बाप वाटणी देतो, पोरगा सगळं उडवून परत येतो तेव्हा लांबनंच ओळखून धावत जातो, म्हातारा माणूस गावासमोर धावतो, आणि पोराचं माफीचं पाठ केलेलं भाषण पुरतं ऐकूनही घेत नाही. मोठा मुलगा रुसून बाहेर बसतो तर त्यालाही समजवायला बापच उठून बाहेर येतो हे मात्र प्रवचनात राहून जातं.

कॅथलिक परंपरेत बापाचा नमुना म्हणजे येशूला वाढवणारा संत योसेफ (मराठी प्रोटेस्टंट बायबलवाले योसेफच म्हणतात, कोंकणी घरांत जुझे). शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही, तो फक्त उठतो आणि करतो, मरियेला घरी आणतो, रातोरात बाळाला घेऊन इजिप्तला जातो, परत येऊन नासरेथला सुतारकी करतो, आणि येशू बारा वर्षांचा असतानाच्या मंदिराच्या प्रसंगानंतर गोष्टीत दिसतही नाही. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८७० ला त्याला सगळ्या चर्चचा आश्रयदाता जाहीर केलं, १९५५ मध्ये १ मे हा कामकरी संत योसेफाचा सण झाला, आणि पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून एक वर्ष योसेफाचं वर्ष म्हणून पाळायला सांगितलं. मुख्य सण १९ मार्चचा. रक्ताचं नातं नसताना बाप होता येतं हे योसेफाकडे बघून शिकतात, दत्तक घेणाऱ्यांना फादर लोक हेच सांगतात.

इथल्या बापांची खरी अडचण वेगळीच आहे, ते घरी नसतात. कोण गोव्यात कामाला, कोण मुंबईला, कोण गल्फमध्ये, कोण बोटीवर, कोण आर्मीत, आणि जे इथेच आहेत ते उद्यमबागच्या फाउंड्रीत शिफ्टवर, म्हणजे पोरं जागी असतात तेव्हा बाप झोपलेला. त्यामुळे घर चालवते आई, फी भरते आई आणि प्रार्थनाही घेते आईच. गोव्याकडच्या कॅथलिक घरांत रात्री तेर्स म्हणजे जपमाळ झाली की पोरं मोठ्यांकडे बेसांव मागतात, आशीर्वाद, आणि आता काही घरांत तो बेसांव व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर मागतात. मेथॉडिस्ट घरांत घरच्या प्रार्थनेचं तसंच. रविवारी उपासनेला बायका बाकावर आणि काही गडी बाहेर गाडीला टेकून, हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे, त्यावर पाळक बोलतात, लोक हसतात, पुढच्या रविवारी परत तेच.

त्यात सीमाभागाची म्हणून एक भर आहे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय की वचन मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. जुन्या मराठी घरांत बापाने शिकवायचं ते मराठी बायबल आणि ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातली गीतं. पण १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेलं, पोरं कन्नड नाहीतर इंग्लिश मीडियमला गेली, आणि आता बऱ्याच पोरांना मराठी बोलता येतं पण बायबलचं मराठी वाचताना दर ओळीला अडतं. बापाला कन्नड बायबल वाचता येत नाही, पोराला मराठी नीट येत नाही, मग दोघांनी मिळून वाचायचं काय. काही घरांनी यावर साधा तोडगा काढला, बाप मोठ्याने मराठीत वाचतो आणि पोरं मोबाईलवर दुसऱ्या भाषेत तेच वचन बघतात. चाललंय तसं. पण बापाची शिकवण ज्या भाषेतून येणार तीच पातळ होत चालली तर त्याची ही जागा शेवटी संडे स्कूलच्या टीचरकडे जाते, आणि तिथे टीचर बहुतेक बायकाच असतात.

मर्दपणाची इथली दुसरी कल्पना जुनी आणि जोरदार आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथेच, तालमी आहेत, ख्रिस्ती पोरंही त्याच मातीतली, मग मिशी, ताकद, आवाज हेच पुरुषपण असं डोक्यात बसतं. चर्चनेही यात हातभार लावलाय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात कणखर शरीर म्हणजे कणखर श्रद्धा असं म्हणणारी एक लाट होती, मैदानी खेळांतनं चारित्र्य घडवायचं हे तिचं सूत्र, वायएमसीएची (ख्रिस्ती तरुणांची संघटना, स्थापना लंडन, १८४४) व्यायामशाळा त्याच विचाराची, बास्केटबॉलचा शोधही १८९१ मध्ये अमेरिकेतल्या वायएमसीएच्या शाळेत लागला. खेळ वाईट नाही. पण गलतीकरांस पत्रात आत्म्याची फळं मोजलीत त्यात सहनशीलता, ममता, सौम्यता, इंद्रियदमन आहे, दंडाचं माप कुठे नाही, आणि योहानाच्या १३ व्या अध्यायात गुरू स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो.

मराठी ख्रिस्ती भजनाने या बाबतीत फार सुंदर काम करून ठेवलंय. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) वारकऱ्यांच्या वळणाने लिहायचे आणि त्यांनी ख्रिस्तालाच माउली केलं, गुरू आणि आई एकत्र. ज्ञानोबाला माउली म्हणणाऱ्या मुलखात ते सहज पटलं. म्हणजे चर्चचे आपले दाढीवाले पंच रविवारी ख्रिस्ताला आई म्हणून गातात आणि घरी पोराने डोळ्यात पाणी आणलं की बायकासारखा रडू नको म्हणतात, याचा मेळ कसा घालायचा ते त्यांनाच माहीत.

दारूचा विषय टाळून चालणार नाही. मेथॉडिस्ट परंपरा मूळची दारूविरोधी, कॅथलिक लग्नात मात्र ती असतेच, आणि गोवा तर जवळच. पेंटेकॉस्टल सभांत साक्ष द्यायला उभा राहिलेला गडी हमखास सांगतो की मी प्यायचो, मारायचो, आता पगार घरी देतो. कोलंबियातल्या इव्हँजेलिकल (बायबल आणि मनपरिवर्तनावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) घरांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं, पुरुषाची दारू आणि बाहेरख्यालीपणा सुटला की पैसा घराकडे वळतो आणि बायकोची स्थिती सुधारते, तोंडाने तो स्वतःला कुटुंबप्रमुखच म्हणवत असला तरी. अधिकाराची भाषा तशीच ठेवून वागणं बदलणं, हे इथेही बघायला मिळतं.

या अधिकाराच्या भाषेवर मात्र जगभर वाद आहे. अमेरिकेत इव्हँजेलिकल मंडळींच्या १९८७ च्या डॅनव्हर्स जाहीरनाम्याने म्हटलं की दोघांची किंमत समान पण भूमिका वेगळ्या, नेतृत्व पुरुषाचं, तर दुसरा गट गलतीकरांस ३:२८ वर (ख्रिस्तात नर-नारी असा भेद नाही) बोट ठेवून दोघांची भूमिकाही समान मानतो. आपल्याकडे हा वाद यूट्यूबवरच्या प्रवचनांतनं येतो.

जूनच्या तिसऱ्या रविवारचा फादर्स डे मात्र मेथॉडिस्टांनी हक्काने आपला म्हणावा. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात ६ डिसेंबर १९०७ ला मोनोंगा इथल्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ३६० हून जास्त माणसं मेली, त्यांत कितीतरी बाप होते, आणि ५ जुलै १९०८ ला जवळच्या फेअरमाँटच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये त्यांच्यासाठी उपासना झाली. पुढे आईविना सहा पोरं वाढवलेल्या बापाच्या मुलीने, सोनोरा डॉडने, १९१० मध्ये स्पोकेनला हा दिवस सुरू केला. आता केक कापतात.

कायद्यात बापाचं आणि नवऱ्याचं पारडं बराच काळ जड होतं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरपणा किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागायचं, ते २००१ च्या दुरुस्तीने गेलं. वारसा मात्र १९२५ च्या कायद्याने मुलगा-मुलगी समान आहे, बापाने मृत्युपत्र केलं नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांत सारखं. तरीही भावासाठी बहिणीने हक्कसोड पत्रावर सही करायची ही रीत ख्रिस्ती घरांतही आहेच, आणि तेव्हा पाळकसाहेब सहसा गप्प असतात.

बाप नसलेल्या पोरांचा प्रश्न या जिल्ह्यात जास्त टोचतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायकांची मुलं शाळेच्या फॉर्मवर बापाच्या रकान्यात अडकायची, कर्नाटकाने देवदासी बंदी कायदा १९८२ मध्ये केला, पण रकाना त्यानंतरही बरीच वर्षं तसाच राहिला. स्तोत्र ६८ मध्ये देवाला पोरक्यांचा बाप म्हटलंय, ते मंडळीला काम लावणारं वचन आहे. कॅथलिकांत यासाठी पादिन असतो, बाप्तिस्म्याचा धर्मपिता, चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे तो साधारण सोळा वर्षं पूर्ण झालेला आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेला हवा, आणि तो मुलाचा बाप असून चालत नाही. बहुतेक ठिकाणी मामा किंवा काका होतो, काहींना पुढे फक्त वाढदिवस आठवतो.

लग्नात नवरीला वेदीपर्यंत बापच नेतो असं सगळे धरून चालतात. इंग्लंडातनं आलेल्या जुन्या प्रोटेस्टंट विधीत ही स्त्री कोण देतो असा प्रश्न आहे, रोमन कॅथलिक विधीत तो नाहीच, आणि १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात बापाने मुलीला वेदीपर्यंत न्यावं असं कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे बाप वारलेल्या किंवा सोडून गेलेल्या घरांत आई मुलीचा हात धरून चालत गेली तर नियमाने अडवायला कुणाकडे काहीच नाही, अडवतात ते नातेवाईक.