पीएसपी इम्युलेटरला बायोस लागतच नाही, मग लोक शोधतात कशाला?

हँडहेल्डचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या कन्सोलचा, कुठलाही इम्युलेटर (त्या कन्सोलचे गेम्स कम्प्युटरवर किंवा फोनवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला की पहिला प्रश्न ठरलेला, बायोस (कन्सोलच्या आतला मूळ कोड) कुठून आणू, आणि मग सर्चमधे जी पहिली लिंक दिसेल ती डाउनलोड. ही सवय लागली कशी ते बघायला हवं, कारण फसवणारे नेमके याच सवयीवर जगतात.

निन्टेंडोच्या १९८९ च्या गेम बॉयमधला बूट प्रोग्राम जेमतेम २५६ बाइट्सचा, लोगो दाखवायचा, कार्ट्रिज तपासायचं, गेम सुरू करायचा, बस. २००१ मधे गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आला, त्याची बायोस १६ केबीची, आणि गेम्स भागाकार, वर्गमूळ, डेटा उलगडणं असली कामं थेट तिच्याकडून करून घ्यायला लागले, म्हणून इम्युलेटरलाही ती लागायला लागली. निन्टेंडोच्याच डीएसला तर दोन प्रोसेसरच्या दोन बायोस आणि वर फर्मवेअर (कन्सोलचं आतलं सिस्टीम सॉफ्टवेअर) वेगळं. हा सगळा कोड कंपनीच्या मालकीचा, त्यामुळे इम्युलेटर बनवणारे तो सोबत देत नाहीत, स्वतःच्या कन्सोलमधून काढून घ्या म्हणतात. ते खटपटीचं काम, मग लोक शॉर्टकट शोधतात.

त्या शॉर्टकटची किंमत २००५ च्या ऑक्टोबरमधेच दिसली होती. सोनीच्या पीएसपीला २.० फर्मवेअरवरून मागच्या जुन्या फर्मवेअरवर नेते असं सांगणारी एक फाइल फिरत होती, ती चालवली की सिस्टीम फाइल्सच डिलीट व्हायच्या आणि पीएसपी परत सुरूच व्हायचा नाही. त्याच महिन्यात डीएससाठीही असाच ट्रोजन (कामाचा असल्याचं भासवून नुकसान करणारा प्रोग्राम) निघाला. मार्च २०१७ मधे निन्टेंडोचा स्विच आला आणि एप्रिलमधे सिमँटेक या सायबरसुरक्षा कंपनीला खोट्या स्विच इम्युलेटरबद्दल इशारा द्यावा लागला, तेव्हा खरा इम्युलेटर अस्तित्वातच नव्हता!

२०२४ मधे निन्टेंडोच्या केसनंतर युझू या स्विच इम्युलेटरच्या लोकांनी २४ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि काम थांबवलं, सोबत थ्रीडीएस या हँडहेल्डचा इम्युलेटर सिट्राही गेला, ऑक्टोबरमधे स्विचचाच दुसरा इम्युलेटर र्‍युजिन्क्स बंद. अधिकृत साइट गेली की त्याच नावाने कोणीही दुकान मांडू शकतं, त्यामुळे हा काळ मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

आणि वाईट याचं वाटतं की बऱ्याचदा ती फाइल लागतच नसते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा (जीबीए) इम्युलेटर एमजीबीए, त्यात बायोसची कामं करणारा स्वतःचा कोड आहे, डीएसच्या मेलनडीएसमधेही पर्यायी बायोस आहे, पीएसपीसाठीचा २०१२ पासूनचा पीपीएसएसपीपी तर बायोस मागतच नाही, म्हणजे त्याच्या नावाने बायोस देणारी साइट सरळ खोटी. सोनीच्या व्हिटाचा इम्युलेटर व्हिटाथ्रीके, त्याला फर्मवेअर लागतं पण ते सोनीच्या अधिकृत अपडेट फाइलमधून टाकता येतं.

स्वतःच्या कन्सोलमधून काढलेली जीबीए बायोस बरोबर १६,३८४ बाइट्सची असते. त्या नावाखाली काही एमबीची ईएक्सई किंवा पासवर्डवाली झिप आली तर ती उघडू नका, तिथेच डिलीट करा.